पूर्ण एक मिनिट

आमच्या एएनएम (सहाय्यक नर्स आणि सुईण) शाळेच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत चार खाटा होत्या आणि त्यातल्या एकीवर कायम एक रबरी पुतळा झोपलेला असायचा. पहिल्या दिवशी ट्यूटर मॅडमनी तो उचलून बाजूला ठेवायला लावला आणि मला म्हणाल्या, "घाल चादर."

मी तेव्हा २६ वर्षांची होते. सासरी रोज सहा माणसांची अंथरुणं घालत होते. वर्गातल्या बाकीच्या मुली नुकत्याच बारावी झालेल्या. त्यांच्यापुढे मला निदान हे तरी येतं, असं वाटलं. चादर घातली. मॅडमनी तिच्यावरून हाताचा तळवा फिरवला, मधल्या एका सुरकुतीपाशी थांबल्या आणि अख्खी चादर ओढून काढली. म्हणाल्या, "पुन्हा." जेवणाची सुट्टी होईपर्यंत माझं तेच चाललं होतं.

आता गावाकडच्या मुली फोन करून विचारतात, "ताई, एएनएमला किती दिवसांनी इंजेक्शन शिकवतात?" माझाही पहिला प्रश्न तोच होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कोर्स दोन वर्षांचा. बारावी पास हवी, वय १७ ते ३५. त्यामुळे माझ्यासारख्या लग्न झालेल्या, मूल असलेल्या बायकाही येतात. शेवटचे ६ महिने इंटर्नशिप. राहायचं होस्टेलवर. माझी मुलगी चार वर्षांची होती, तिला आईकडे ठेवलं होतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, लिहायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही.

पहिले कित्येक दिवस आम्ही हात धुतले आणि चादरी घातल्या. हात धुण्याचा तास मला अजून आठवतो. मॅडमनी वाटीत नीळ कालवून आणली, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "साबण लावता तशी लावा." डोळे उघडले तेव्हा तळवे निळेशार होते. अंगठ्याची मागची बाजू, नखांच्या कडा आणि करंगळीच्या खालची किनार मात्र कोरडी, कातडीच्या रंगाची. सगळ्यांची हीच गत. त्यानंतर त्यांनी पायऱ्या शिकवल्या: तळव्यावर तळवा, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, मुठीत धरून अंगठा, तळव्यावर बोटांची टोकं. साबण-पाण्याने हे सगळं नीट करायला ४० ते ६० सेकंद लागतात. हात केव्हा धुवायचे हेही पाठ करून घेतलं: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-शौचाचा संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या खाटेला, टेबलाला हात लागल्यावरसुद्धा. हे पाचवं सगळ्यांच्या हातून सुटतं. रुग्णाला तर शिवलेच नाही, मग कशाला धुवायचे, असं वाटतं.

चादरीचं कारण मात्र मॅडमनी आधी सांगितलं नाही. आधी आम्हालाच खाटेवर झोपवलं. एकीने रुग्ण व्हायचं, दोघींनी नर्स. रुग्णाने अर्धा तास हालायचं नाही. माझी पाळी आली तेव्हा मैत्रिणींनी चादर नीट ताणली नव्हती आणि कंबरेखाली एक घडी राहिली होती. पाच मिनिटं काही वाटलं नाही. दहा मिनिटांनी ती घडी दोरीएवढी जाड झाली. वीस मिनिटांनंतर मला दुसरं काहीच सुचेना. मग त्यांनी मला चमच्याने पाणी पाजलं, स्पंज दिला, कूस बदलली. झोपून दुसऱ्याच्या हातून पाणी पिताना घशात ठसका लागेल याची किती भीती वाटते, हे मला २६ व्या वर्षी कळलं.

पुढे मेडिकल वॉर्डात अर्धांगवायूचे एक आजोबा होते. माकडहाडावर बेडसोअर (पडून पडून झालेली जखम) होता, माझी मूठ आत जाईल एवढा. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, पाठ कोरडी ठेवायची असते, खालची चादर ताठ असावी लागते. घरी कुणाला ते माहीत नव्हतं. त्यांची सून ड्रेसिंगच्या वेळी तोंड फिरवून रडत उभी असायची. मला तिचा राग आला नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला सांगितलं, आणि मग चादर घालण्याबद्दल माझी पुन्हा कधी कुरकुर झाली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले तिच्याकडे येते.

वॉर्डात गेलं की विद्यार्थिनींच्या वाट्याला पहिलं काम येतं ते टीपीआरचं, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. वही घ्यायची, थर्मामीटर घ्यायचं, आणि खाटेमागून खाट करत जायचं. माझ्या पहिल्या पोस्टिंगला वॉर्डात २८ रुग्ण होते, काही खाली गादीवर. सकाळच्या राउंडच्या आत सगळ्यांचं लिहून व्हायला हवं. थर्मामीटर लावून ठेवता येतं, नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणता येते. श्वास मोजायला मात्र माणसापाशी नुसतं उभं राहावं लागतं. सीनियर मुलींनी मला पहिल्याच दिवशी युक्ती सांगितली, "आर ला सगळ्यांना २० टाकायचं. फार सारखं दिसायला नको म्हणून मध्ये एखाद्याला १८." वही मागे चाळून पाहिली तर खरंच, पानंच्या पानं २०, २०, १८, २०. मीही तसंच लिहायला लागले. तीन आठवडे लिहिलं.

११ नंबरच्या खाटेवर खोकल्याच्या, तापाच्या आजी होत्या. सकाळी त्यांचा ताप उतरला होता. मी आनंदाने तापाचा आकडा लिहिला, नाडी ९६ लिहिली आणि पुढे २०. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मी "आजी, आता बरं वाटतंय ना?" म्हटलं, त्यांनी नुसती मान हलवली. त्या बोलल्या का नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुपारी डॉक्टर आले तेव्हा आजींच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि श्वास मिनिटाला ३६ होता. लगेच ऑक्सिजन लावला, धावपळ झाली, रात्री त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. होस्टेलवरून त्या दवाखान्यात चौकशी करायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्या न केलेल्या चौकशीची खंत मला आजही आहे.

संध्याकाळी ट्यूटर मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत. वही घेतली, त्या पानावरचे २८ आकडे मला मोठ्याने वाचायला लावले. वाचून झाल्यावर विचारलं, "यातला तू मोजलेला कुठला?" मला एकही दाखवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या स्वतः माझ्याबरोबर वॉर्डात आल्या. त्यांनी शिकवलं ते असं: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तशीच ठेवायची, म्हणजे रुग्णाला वाटतं अजून नाडीच चाललीय. आणि नजर छातीवर न्यायची. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत तो बदलतो, म्हणून सांगायचं नाही. छाती वर जाऊन खाली आली की एक. पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा शांत असताना १२ ते २० येतो. मोजता मोजता बाकीचंही दिसतं: मानेचे स्नायू ओढले जातात का, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, ओठांचा रंग कसा आहे, माणूस एका दमात वाक्य पुरं करतो का. ताप उतरलेला असला, नाडी फारशी बिघडलेली नसली, तरी श्वास आधीच वाढलेला असू शकतो. आजींचं तेच झालं होतं, आणि तो आकडा लिहायची जागा वहीत माझ्याच हाती होती.

२८ रुग्णांचं एकेक मिनिट म्हणजे जवळजवळ अर्धा तास. वॉर्डात एक सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी असताना तो अर्धा तास कुठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे आणि मी तो खोटा ठरवणार नाही. सीनियर मुली वाईट नव्हत्या, त्यांच्यावर कामाचा डोंगर होता. माझ्यापुरता मार्ग मी असा काढला की अर्धा तास आधी उठायचं, आणि ज्याचा श्वास मोजायला वेळ झालाच नाही, त्याची जागा कोरडी सोडायची. कोरड्या जागेवरून मला बोलणी बसली. पण कोरडी जागा पाहिली की पुढच्या ड्युटीची मुलगी मोजते. खोटे २० दिसले की ती पुढे निघून जाते.

इंजेक्शन शेवटी आलंच. ज्याची इतकी वाट पाहिली ते दोन दुपारीत हाताला बसलं. स्नायूत द्यायचं तर सुई ९० अंशात, कातडीखाली ४५, कातडीच्या आत द्यायचं तर जवळजवळ आडवी. लहान बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कुल्ल्यावर कधीच नाही. सुई टोचणं हा त्यातला सर्वात छोटा भाग निघाला. खरी मेहनत तिच्या आधीची: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्यातलं "योग्य रुग्ण" मला फार सोपं वाटायचं. एकदा मी एका मावशींना विचारलं, "तुम्ही अमुक ना?" त्या "हो" म्हणाल्या. शेजारच्या बाईने हाक मारली म्हणून कळलं की त्या अमुक नव्हत्याच. कमी ऐकू येत होतं आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणाल्या होत्या. औषध अजून सिरिंजमध्येच होतं. तेव्हापासून मी "तुमचं नाव काय?" असंच विचारते, आणि उत्तर त्यांच्या तोंडून येईपर्यंत हात पुढे करत नाही.

सलाइनचं गणित तर मी रडतरडत शिकले. ५०० मिली आठ तासांत द्यायचंय, सेट एका मिलीला २० थेंबांचा, तर ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मग घड्याळ समोर धरून थेंब मोजत बसायचं. इथेही मिनिट आलंच.

थिअरीबद्दल थोडक्यात. आहार, शरीररचना, स्वच्छता, साथीचे रोग, लसीकरण, बालआरोग्य पहिल्या वर्षी. प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचं व्यवस्थापन दुसऱ्या वर्षी. पुस्तकं मराठीत मिळतात, प्रश्न सरळ असतात, रोज वाचलं तर पास होण्यात अडचण नाही. दिवे हातात घेऊन शपथ घेतली त्या दिवशी आई माझ्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने फुंकर मारून माझा दिवा विझवला आणि मी तो शेजारणीच्या दिव्यावर पुन्हा लावला.

लेबर रूमबद्दल मात्र थोडक्यात लिहून चालणार नाही. तिथे मी दोन तऱ्हेच्या सिस्टर पाहिल्या. काही जणी कळा देणाऱ्या बाईवर ओरडायच्या, मांडीवर चापटी मारायच्या, आणि "तेव्हा नाही का कळलं?" असं बोलायच्या. मी स्वतः एका मुलीची आई आहे. ते शब्द ऐकताना माझं अंग थरथरायचं, आणि मी गप्प राहायचे, कारण माझ्या केसबुकवरची, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीवरची सही त्यांच्याच हातात होती. त्याच खोलीत रात्रपाळीला एक वयस्क सिस्टर यायच्या. त्या बाईला डाव्या कुशीवर घ्यायच्या, कंबर चोळायच्या, दोन कळांच्या मध्ये घोट घोट पाणी द्यायच्या. त्यांच्याकडे बायका कमी किंचाळायच्या, आणि सांगितलं की जोर करायच्या, थांब म्हटलं की थांबायच्या. मला आयुष्यभर कुणाची नक्कल करायची आहे ते त्या रात्रपाळ्यांत ठरलं.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणारा तक्ता, त्यांनीच शिकवला. तोवर मला तो परीक्षेत काढायचा आलेख वाटायचा. पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की भरायला सुरुवात, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि कळा, दर ४ तासांनी आतली तपासणी. ठोके ११० ते १६० च्या बाहेर गेले, किंवा रेघ सावधगिरीच्या रेषेच्या उजवीकडे सरकली, की वाट पाहत बसायचं नाही. त्या म्हणायच्या, "उपकेंद्रात तुझ्याजवळ डॉक्टर नसणार. हा कागद सांगेल, गाडी कधी बोलवायची." बाळ झालं की आधी कोरडं पुसून आईच्या पोटावर, पहिल्या मिनिटाच्या आत जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून आईला मांडीत ऑक्सिटोसिन १० युनिट, नाळ १ ते ३ मिनिटांनी बांधायची, आणि तासाभरात बाळ छातीला. बाळ पुसताना खोलीतला पंखा बंद करायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

परीक्षा झाली, नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं आणि काही महिन्यांनी कंत्राटी आरोग्य सेविका म्हणून मला अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातलं एक उपकेंद्र मिळालं. सपाटीवर ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र असतं, आदिवासी आणि डोंगरी भागात ३ हजारांमागे. ऐकायला ३ हजार कमी वाटतात. पण ती माणसं दहा-बारा वाड्यांत विखुरलेली आणि मधे ओढे. जुलैत आवणी चालू असताना वाडीवर गेलं तर घरी म्हातारी आणि बाळं तेवढी भेटतात, आया गुडघाभर चिखलात असतात.

शाळेत आणि नोकरीत मोठा फरक एकच जाणवला, तो म्हणजे विचारायला जवळ कुणी नसतं. लसीकरणाच्या पहिल्या दिवशी लसवाहक, म्हणजे लसी थंड ठेवायचा डबा, माझ्या पुढ्यात आला आणि मी तो उघडायलाच घाबरले. मग पायऱ्या आठवल्या. बर्फाची चारही पाकिटं कानाशी धरून हलवली. आत पाणी खळखळलं पाहिजे. एकदम दगडासारखा बर्फ असला तर पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची) लस गोठून वाया जाते, आणि वरून पाहून ते सहज कळत नाही. कुपीवरचा, लस उष्णतेने खराब होत गेली की गडद होणारा चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट आहे ना, ते पाहिलं. गोवर-रुबेला कालवली की कुपीवर वेळ लिहायची, ४ तासांनी उरलं तरी टाकायचं. टोचून झाल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या: कुठली लस दिली आणि ती कशासाठी, ताप आला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि येताना आणायचं. आणि अर्धा तास थांबवायचं. शेतावर जायची घाई असलेल्या बाईला अर्धा तास बसवून ठेवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम असतं. मी त्या अर्ध्या तासात त्यांची वजनं, हिमोग्लोबिन, बीपी करते, म्हणजे त्यांना उगाच बसवलं असं वाटत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आशाताईंचा निरोप आला, वरच्या वाडीत आठ दिवसांचं बाळ आहे, श्वास जोरात वाटतोय. नवजात बाळाच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी जातातच, सातव्या दिवशीच्या भेटीत सगळं बरं होतं. त्यांनी स्वतः मोजला होता, ६२ आला होता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त असला तर तो जलद धरायचा. मी पाऊस अंगावर घेत वर गेले. घरात चूल पेटलेली, बाळ झोळीत, अंगावर दोन झबली, वर गोधड्या. आजी दारातच म्हणाली, "नर्सबाई, गाडी बोलावायची का? वढ्याला पाणी आलंय."

ओढ्यावरून झोळी करून खाली न्यायचं, मग गाडी, मग पुढे दवाखाना. आठ दिवसांच्या बाळाला त्या पावसात तो प्रवासही धोक्याचाच. आणि खरंच न्यूमोनिया असला तर थांबणं त्याहून धोक्याचं. मी हात धुतले, चुलीपाशी शेकून कोरडे, उबदार केले. बाळ रडत होतं. रडत्या बाळाचा श्वास मोजून उपयोग नसतो. आईला म्हटलं, "आधी पाज." बाळाने छाती चांगली धरली, जोरात ओढलं, हेही मी पाहत होते. पिऊन ते सुस्तावलं. मग झबली वर केली, घड्याळ हातात धरलं आणि पोटाकडे पाहिलं. बाळाचा श्वास पोटावर दिसतो. नवजात बाळ एका चालीने श्वास घेत नाही. भरभर घेतं, मधेच काही सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. म्हणून १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर भलताच आकडा येतो, कधी फार जास्त, कधी फार कमी. पूर्ण मिनिट. माझा आकडा आला ४८. पुन्हा मोजला. ५०. छाती आत ओढली जात नव्हती, कण्हणं नव्हतं, काखेत थर्मामीटर लावलं तर ताप नव्हता, अंग थंडही नव्हतं.

आशाताईंनी चुकीचं मोजलं नव्हतं. बाळ रडत असताना मोजलं होतं, एवढंच. जास्त आला तर पुन्हा मोजायचा असतो, आणि त्यांनी मला बोलावलं हे अगदी बरोबर केलं होतं, तसं मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. आजीला म्हटलं, "आज गाडी नको. पण बाळ प्यायचं थांबलं, अंग गार पडलं किंवा गरम लागलं, छातीत खड्डा पडायला लागला, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा आणि मलाही." गोधडी एकच ठेवायला सांगितली, आणि बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला दाखवलं.

हे बोलताना माझा आवाज ठाम होता, पण घरी आल्यावर झोप लागली नाही. ११ नंबरच्या आजी आठवत होत्या. मी दोनदा पूर्ण मिनिट मोजलं होतं, प्रत्येक आकडा डोळ्यांनी पाहिलेला होता, असं स्वतःला सांगत सकाळ केली आणि उजाडल्याबरोबर पुन्हा वाडीवर गेले.

आजीने मला लांबून येताना पाहिलं असावं. मी ओसरीत पाय धुऊन आत गेले तोवर बाळ पिऊन आईच्या मांडीवर निजलेलं होतं आणि त्याचं झबलं आजीने आधीच छातीपर्यंत वर करून ठेवलं होतं. मी घड्याळ काढलं तशी तिने शेजारच्या पोरांना गप केलं. मी मनात मोजत होते. आजी माझ्या शेजारी उकिडवी बसून ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. विसाच्या पुढे तिला आकडे येत नव्हते, म्हणून वीस झाले की ती एक बोट मिटायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. मिनिट संपलं तेव्हा तिची दोन बोटं मिटलेली होती आणि वर चार झाले होते.

मी वहीत ४४ लिहिलं.